बाजार उठला, तटबंदी उरली

फ्रान्सच्या शॅम्पेन प्रांताचे नाव निघाले की, त्या नावाच्या फेसाळ मद्याची आठवण होणे स्वाभाविक आहे. परंतु हे मद्य प्रसिद्धीस येण्याच्या कितीतरी शतके आधी हा प्रांत एका निराळ्याच कारणासाठी साऱ्या युरोपात ओळखला जात असे. बाराव्या आणि तेराव्या शतकांत इटलीचा सराफ, फ्लँडर्सचा कापडवाला, स्पेनचा चामड्याचा व्यापारी आणि जर्मनीचा फरवाला हे सर्व जेथे एकत्र येत, ते बाजार याच प्रांतात भरत. ज्या चार गावांत ते भरत, त्यांपैकी त्या काळाच्या सर्वाधिक खुणा जपून राहिलेले गाव म्हणजे प्रोव्हँ.

पॅरिसच्या आग्नेयेस सुमारे ऐंशी किलोमीटरांवर वसलेले हे गाव आज जेमतेम बारा हजार वस्तीचे आहे. आगगाडीने दीड तासाच्या आत तेथे पोहोचता येते. २००१ साली 'युनेस्को'ने 'मध्ययुगीन बाजारांचे नगर' म्हणून प्रोव्हँचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश केला. या बिरुदातील महत्त्वाचा शब्द 'बाजार' हा आहे. युरोपात सुंदर चर्चे पुष्कळ आहेत, किल्ले तर त्याहून अधिक आहेत. परंतु एका बाजारपेठेची संपूर्ण मांडणी, म्हणजे तिची वखार, तिची सराई, तिचे तळघर, तिचे कालवे आणि तिची तटबंदी, सात-आठशे वर्षांनंतरही ओळखू यावी असे स्थळ विरळाच. त्यामुळे कलेच्या अभ्यासकाइतकेच अर्थशास्त्राच्या अभ्यासकालाही हे गाव विचार करावयास लावते.

विचार करण्याजोगा पहिला प्रश्न असा, की एवढा मोठा बाजार येथेच का भरावा? प्रोव्हँला समुद्र नाही. मोठी नदीही नाही. गावातून वाहणाऱ्या वुल्झी आणि द्युर्तँ या दोन लहान नद्या कापड धुण्यास आणि गिरण्या फिरविण्यास उपयोगी होत्या, पण मालाची मोठी गलबते त्यांतून येणे शक्य नव्हते. इटली आणि फ्लँडर्स यांच्या मधोमध हा प्रांत येतो हे खरे. परंतु मधोमध असलेली गावे इतरही होती. केवळ नकाशा पाहून या भरभराटीचे उत्तर मिळत नाही. ते शोधण्यासाठी तेथील राज्यकर्त्यांच्या कारभाराकडे वळावे लागते.

सहा बाजारांचे चक्र

शॅम्पेनचे सरदार, म्हणजे तेथील 'काउंट', हे नावाला फ्रान्सच्या राजाचे मांडलिक होते. प्रत्यक्षात आपल्या मुलुखात ते स्वतंत्र राजेच होते. दुसरा तिबो आणि त्याचा मुलगा आंरी (कारकीर्द ११५२ ते ११८१) यांनी पूर्वीपासून भरणाऱ्या स्थानिक जत्रांना एक शिस्तबद्ध वेळापत्रक लावून दिले. वर्षाच्या आरंभी लान्यी येथे, त्यानंतर बार-स्यूर-ओब येथे, मे महिन्यात प्रोव्हँ येथे, उन्हाळ्यात त्र्वा येथे, सप्टेंबरात पुन्हा प्रोव्हँ येथे आणि हिवाळ्याच्या तोंडी पुन्हा त्र्वा येथे, असे सहा बाजार क्रमाने भरू लागले. प्रत्येक बाजार सहा-सात आठवडे चाले. एक उठला की दुसऱ्याची तयारी सुरू होई. त्यामुळे बाजार गावोगाव फिरता असला तरी व्यापाऱ्याच्या दृष्टीने तो बारमाही होता. ज्याचा माल मे महिन्यात खपला नाही, त्याला तो घेऊन घरी परतावे लागत नसे.

प्रत्येक बाजाराच्या आतही ठरीव क्रम असे. पहिले काही दिवस माल उतरवून मांडण्याचे. त्यांवर कर नसे. मग कापडाचे दिवस, त्यानंतर कातड्याचे आणि नंतर वजनावर विकल्या जाणाऱ्या मालाचे. या शेवटच्या वर्गात मसाले, रंग, तुरटी अशा वस्तू येत. आपल्या मलबारची काळी मिरी अरबांच्या गलबतांतून अलेक्झांड्रियाला, तेथून इटालियनांच्या जहाजांतून भूमध्य समुद्रापार आणि पुढे खेचरांच्या पाठीवरून आल्प्स ओलांडून या बाजारात पोहोचत असे. कापडाचे दिवस संपले की काउंटचे शिपाई आरोळी देत आणि त्या मालाची विक्री थांबे. सर्वांत शेवटी हिशोब चुकते करण्याचे दिवस येत. अर्थशास्त्राच्या दृष्टीने हेच दिवस अधिक महत्त्वाचे ठरले.

नाणे, पत आणि चिठ्ठी

प्रोव्हँ येथे पाडले जाणारे 'दनिए' हे चांदीचे लहानसे नाणे या बाजारांचे अधिकृत चलन होते. त्याच्यावर कंगव्यासारखी आकृती असे. या नाण्याची पत एवढी वाढली की, बाराव्या शतकाच्या अखेरीस खुद्द रोम शहराच्या सिनेटने त्याच्या नमुन्यावर आपले नाणे पाडावयास सुरुवात केली. ज्या रोमकडून युरोपने नाणेपद्धती उचलली, त्या रोमने एका आडगावच्या नाण्याची नक्कल करावी, ही घटना पुरेशी बोलकी आहे.

परंतु नाण्यांच्या थैल्या शेकडो मैल वाहून नेणे धोक्याचे आणि खर्चाचे होते. त्यावर व्यापाऱ्यांनी तोड काढली ती आपल्याकडील हुंडीच्या जवळची. जिनोआचा व्यापारी आपल्या गावी तेथील चलनात रक्कम उचली आणि प्रोव्हँच्या अमुक बाजारात तितक्या किमतीचे दनिए देईन, असा लेखी करार साक्षीदारांसमक्ष करून देई. व्याज घेण्यास चर्चची मनाई होती. म्हणून व्याजाची रक्कम दोन चलनांच्या विनिमयदरात मुरविली जाई. बाजाराच्या अखेरीस सराफ एकत्र बसत. अ चे ब कडे येणे, ब चे क कडे येणे, अशा रकमा परस्पर वळत्या केल्या जात आणि उरलेली बाकीच तेवढी नाण्यांत दिली जाई किंवा पुढच्या बाजारावर ढकलली जाई. आजच्या बँकांच्या समाशोधन गृहात जे काम चालते, त्याचे हे प्राथमिक रूप होय. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात तर असे दिसू लागले की, काही व्यापारी माल घेऊन येण्यापेक्षा केवळ हिशोब मिटविण्यासाठी आणि कर्ज उभारण्यासाठीच शॅम्पेनला येत. मालाचा बाजार पैशाचा बाजार बनला होता.

विश्वास कोणी दिला?

आता मूळ प्रश्नाकडे वळू. जिनोआचा माणूस ईप्रच्या माणसाला उधारीवर माल देतो. दोघांची भाषा वेगळी, कायदा वेगळा, राजा वेगळा. ईप्रचा माणूस पैसे बुडवून निघून गेला तर त्याला धरणार कोण?

या प्रश्नावर अर्थशास्त्रज्ञांत एक उद्बोधक वाद झाला आहे. १९९० साली पॉल मिलग्रोम, डग्लस नॉर्थ आणि बॅरी वाइनगास्ट या तिघा अमेरिकन विद्वानांनी एक निबंध प्रसिद्ध केला. यांपैकी नॉर्थ यांना १९९३ साली आणि मिलग्रोम यांना २०२० साली नोबेल पारितोषिक मिळाले. व्यापाऱ्यांचे खाजगी न्यायाधीश कोणी कोणाला फसविले याची नोंद ठेवीत. नवा व्यवहार करण्यापूर्वी व्यापारी या नोंदीची चौकशी करीत. आणि बदनामीच्या भीतीने सर्व जण सरळ वागत, असे त्यांच्या विवेचनाचे सार होते. राज्यसंस्थेचा दंडा पाठीशी नसतानाही बाजार स्वतःची शिस्त स्वतः निर्माण करू शकतो, असा निष्कर्ष त्यातून अनेकांनी काढला. मुक्त बाजारपेठेच्या पुरस्कर्त्यांना शॅम्पेनचे उदाहरण फार आवडू लागले, यात नवल नाही.

२०१२ साली जेरेमी एडवर्ड्‌स आणि शीला ओगिल्व्ही या अभ्यासकांनी मात्र मूळ कागदपत्रांच्या आधारे या प्रतिपादनाला हरकत घेतली. शॅम्पेनमध्ये असे खाजगी न्यायाधीश असल्याचा पुरावा मिळत नाही, असे त्यांनी दाखविले. न्याय देत होती ती काउंटची न्यायालये, नगरसंस्थांची न्यायालये आणि चर्चची न्यायपीठे. बाराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून काउंटने नेमलेले 'बाजाररक्षक' होते. कर्जाचे करार त्यांच्यासमोर नोंदविले जात आणि त्यांच्या शिक्क्याने ते पक्के होत. देणे बुडवून पळालेल्याच्या गावी त्यांची पत्रे जात. त्या गावाने दाद दिली नाही, तर त्या गावच्या सर्वच व्यापाऱ्यांना शॅम्पेनचे बाजार बंद करण्याची धमकी दिली जाई.

काउंटची दक्षता आपल्या सीमेवर संपत नसे. ११४८ च्या सुमारास व्हेझले येथील काही सराफांना प्रोव्हँच्या बाजारास जात असताना शेजारच्या मुलुखातील एका सरदारपुत्राने लुटले. त्या वेळी राजा धर्मयुद्धावर गेला होता आणि राज्याचा कारभार मठाधिपती स्युजे पाहत होता. दुसऱ्या तिबोने त्याला तातडीने पत्र लिहिले आणि लुटलेला पैसा परत मिळालाच पाहिजे, अशा प्रकारांनी माझे बाजार उद्ध्वस्त होतील, असे बजावले. लुटले गेलेले सराफ तिबोचे प्रजाजन नव्हते, लूटही त्याच्या हद्दीत झाली नव्हती. तरीही ते त्याच्या बाजाराला निघाले होते, एवढे कारण त्याला पुरेसे वाटले. पुढे १२०९ साली फ्रान्सचा राजा फिलिप ऑगस्टस याने शॅम्पेनच्या बाजारांना जाणाऱ्या-येणाऱ्या व्यापाऱ्यांना आपल्या राज्यातून संरक्षण देण्याचे मान्य केले.

माझ्या मते या वादात एडवर्ड्‌स आणि ओगिल्व्ही यांचीच बाजू अधिक सबळ आहे. परंतु त्यातून 'राज्यसंस्था असली की झाले' असा उलटा निष्कर्ष काढणेही चुकीचे ठरेल. शॅम्पेनच्या काउंटांनी जे केले त्यातील मर्म निःपक्षपातीपणात आहे. करार मोडणारा आपला असो की परका, लुटला गेलेला स्थानिक असो की विदेशी, नियम सर्वांना सारखाच लागू होई. काउंट हे काही परोपकार म्हणून करीत नव्हते. बाजारातील जकात, जागांची भाडी आणि न्यायालयीन शुल्क यांतून त्यांना भरघोस उत्पन्न मिळे. त्यांना एवढेच उमगले होते की, आज एका परदेशी व्यापाऱ्याला नाडून मिळणाऱ्या पैशापेक्षा पुढची पन्नास वर्षे तो येत राहिल्याने मिळणारा पैसा अधिक आहे.

वैभवाची दुसरी बाजू

या भरभराटीचे वर्णन करताना ती कोणाच्या कष्टावर उभी होती हेही पाहिले पाहिजे. प्रोव्हँ हे केवळ विक्रीचे ठिकाण नव्हते. ते कापडाच्या उत्पादनाचेही केंद्र होते. गावाखाली जी भुयारे आहेत, त्यांतील बरीचशी लोकरीचा तेलकटपणा काढणारी विशिष्ट माती खणून काढताना तयार झाली, असे मानले जाते. पुढे त्यांचा उपयोग माल साठविण्यासाठी झाला. लोकर धुणारे, विणणारे, कुटणारे आणि रंगविणारे कामगार खालच्या गावात नद्यांच्या काठी राहत. त्यांचा दिवस घंटेच्या ठोक्यावर सुरू होई आणि घंटेच्या ठोक्यावर संपे.

१२८१ साली नगराध्यक्ष ग्यीयोम पांतकोत याने कामाचा दिवस लांबविला. संध्याकाळची घंटा उशिरा वाजू लागली. कामगार खवळले. त्यांनी धोक्याची घंटा वाजवून जमाव गोळा केला आणि नगराध्यक्षाला ठार मारले. त्या वेळी शॅम्पेनची वारसदार जान ही अल्पवयीन होती आणि तिचा सावत्र बाप, इंग्लंडच्या राजाचा भाऊ एडमंड, कारभार पाहत होता. त्याने उठाव कठोरपणे मोडून काढला. न्यायालयाचे दार परदेशी व्यापाऱ्याला उघडे होते. विणकराला मात्र आपली तक्रार घंटा बडवून मांडावी लागली. या गावाच्या वारशात हाही प्रसंग मोडतो आणि तटबंदीइतकाच तो लक्षात ठेवण्याजोगा आहे.

ऱ्हास कसा झाला?

१२८४ साली या जानचा विवाह फ्रान्सच्या युवराजाशी झाला. दुसऱ्याच वर्षी तो चौथा फिलिप म्हणून गादीवर आला आणि शॅम्पेन प्रांत राजाच्या हाती गेला. जो बाजार काउंटच्या उत्पन्नाचा मुख्य आधार होता, तो आता एका मोठ्या राज्याच्या अनेक साधनांपैकी एक बनला. फिलिपला युद्धासाठी पैसा हवा होता आणि लवकर हवा होता. १२९१ साली राज्यातील इटालियन व्यापाऱ्यांना पकडून त्यांच्याकडून पैसा उकळण्यात आला. नंतर त्यांच्यावर नवे कर बसले. फ्लँडर्सशी १२९७ साली युद्ध पेटले, तेव्हा तेथील कापडवाल्यांना बाजाराची वाट बंद झाली. इटालियन सराफ आणि फ्लेमिश कापडवाला हे तर या बाजाराचे दोन खांब. दोन्ही खांबांना हादरे बसले ते राजाच्याच हातून.

अर्थात सर्व दोष एकट्या फिलिपवर टाकणे इतिहासाला धरून होणार नाही. जिनोआची गलबते १२७७ साली जिब्राल्टरची सामुद्रधुनी ओलांडून फ्लँडर्सच्या बंदरांत पोहोचली होती आणि खुष्कीच्या मार्गाला पर्याय मिळू लागला होता. इटलीच्या मोठ्या पेढ्या दूरच्या शहरांत आपले कायमचे गुमास्ते ठेवू लागल्या होत्या. मालकाने स्वतः खेचरावर बसून बाजाराला जाण्याची गरज कमी होत होती. परंतु समुद्रमार्ग दीर्घकाळ महाग आणि अनिश्चित होता. पर्याय उपलब्ध होणे आणि जुनी वाट सोडावीशी वाटणे, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. दुसरी गोष्ट राजाच्या धोरणाने घडवून आणली. व्यापारी भांडत बसले नाहीत. ते ब्रूजला गेले.

१३४९ साली सहाव्या फिलिपने शॅम्पेनच्या बाजारांचे जुने हक्क आणि सवलती पुन्हा जाहीर करणारा हुकूम काढला. तोपर्यंत शतवार्षिक युद्ध सुरू झाले होते आणि प्लेगची साथ युरोपभर पसरली होती. पण या आपत्ती नसत्या तरी त्या हुकुमाने फारसे साधले असते असे वाटत नाही. कराचा दर एका हुकुमाने कमी करता येतो. आपला माल उद्या जप्त होणार नाही, हा भरवसा हुकुमाने निर्माण होत नाही. तो काउंटच्या तीन-चार पिढ्यांनी वागणुकीतून निर्माण केला होता आणि तो एका पिढीत खर्च झाला होता.

दारिद्र्याने राखलेला वारसा

या ऱ्हासाची सर्वांत ठळक खूण सँ-किरियासच्या चर्चमध्ये दिसते. बाराव्या शतकाच्या मध्यास आंरीच्या कारकीर्दीत हे चर्च भव्य प्रमाणावर बांधावयास घेतले. वेदीकडील भाग डौलाने पूर्ण झाला आणि मुख्य दालनाच्या वेळेस पैसा संपला. ते दालन आजही आखूडच आहे. त्यावरचा घुमट तर सतराव्या शतकातील आगीनंतरचा. जवळच टेकडीवर 'सीझरचा मनोरा' नावाचा बाराव्या शतकातील बुरूज उभा आहे. सीझरचा त्याच्याशी नावापलीकडे काही संबंध नाही. एक तळघरासह बांधलेले दगडी कोठार आहे. ते चर्चच्या मालकीचे असून बाजाराच्या दिवसांत व्यापाऱ्यांना भाड्याने दिले जाई. व्यापारी येईनासे झाले तेव्हा त्यात शेतकऱ्यांकडून वसूल केलेला धान्याचा दशमांश साठविला जाऊ लागला आणि 'दशमांशाचे कोठार' हेच नाव त्याला चिकटले. व्यापाराकडून शेतसाऱ्याकडे गेलेल्या अर्थव्यवस्थेचा इतिहास या एका नावात सामावलेला आहे.

प्रोव्हँचे मध्ययुगीन रूप टिकले याचे श्रेय सामान्यतः नागरिकांच्या इतिहासप्रेमाला दिले जाते. एकोणिसाव्या शतकापासून झालेल्या दुरुस्तीच्या आणि जतनाच्या कामाबाबत ते खरेही आहे. पण त्याआधीच्या पाच शतकांचे काय? पॅरिस वाढत गेले तसे त्याने आपले जुने तट पाडले आणि तेथे रस्ते केले. जेथे पैसा येतो तेथे जुने पाडून नवे उभारण्याची घाई होते. प्रोव्हँला तशी घाई करण्याइतका पैसाच नव्हता. बाल्झाकने १८४० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या 'पिएरेत' या कादंबरीसाठी हेच गाव निवडले आणि तेथील लहान दुकानदारांचे कोते जीवन रंगविले. ज्या गावाने एके काळी युरोपचे हिशोब मिटविले, त्याची एवढ्या शतकांनंतरची अवस्था ती होती.

आज या तटबंदीने गावाला पुन्हा उत्पन्न मिळवून दिले आहे. प्रवासी येतात, तटाच्या पायथ्याशी घोडेस्वारांचे आणि शिकारी पक्ष्यांचे खेळ पाहतात, गुलाबाचा मुरंबा विकत घेतात. हा गुलाब चौथ्या तिबोने धर्मयुद्धाहून परतताना आणला अशी दंतकथा आहे. जूनमध्ये मध्ययुगीन वेषातला उत्सव भरतो. यात नाके मुरडण्यासारखे काही नाही. जुन्या दगडांच्या डागडुजीला पैसा लागतो आणि तो कोठून तरी यावयासच हवा. मात्र प्रवाशाला शूर सरदार आणि त्यांचे घोडेच तेवढे दाखविले गेले, तर गावाची खरी ओळख झाकली जाईल. हे गाव मोठे झाले ते तलवारीमुळे नव्हे. ते मोठे झाले करारपत्रांवरील शिक्क्यामुळे.

देशोदेशींची सरकारे आज व्यापार आणि भांडवल आपल्याकडे खेचण्यासाठी करसवलती जाहीर करतात, जमिनी देऊ करतात, रस्ते आणि बंदरे बांधतात. त्याच वेळी एखादा पूर्वलक्ष्यी कर बसवावा, एखादा निर्यातबंदीचा हुकूम रातोरात काढावा, राजकीय भांडणात परक्या व्यापाऱ्याला वेठीस धरावे, असेही प्रकार घडतात. प्रत्येक वेळी त्या-त्या सरकारजवळ निकडीचे कारण असतेच. चौथ्या फिलिपजवळही होते. व्यापारी त्याचा निषेध करण्यासाठी राजवाड्यासमोर जमले नाहीत. त्यांनी फक्त पुढच्या वर्षी प्रोव्हँची वाट धरली नाही, आणि पुढची वर्षे तशीच गेली. दगडी तट राखावयाचे तर गवंडी आणि पैसा पुरतो. तटाच्या आतील बाजार राखावयाचा असेल तर सत्तेने स्वतःचा हात आवरावा लागतो, आणि तो हात ज्या विणकरापर्यंत न्याय घेऊन पोहोचला नाही, त्याच्यापर्यंतही पोहोचवावा लागतो.